बर्फातल्या हिवाळ्यासाठी जुनी फोर बाय फोर कोणती घ्यावी? (बजेट ८ लाख, गाडी पुण्यात घेणार)

कर्वेनगरी

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं घरूनच काम करतो आणि यंदापासून डिसेंबर ते मार्च नग्गरला राहायचं ठरवलंय, कुल्लू आणि मनालीच्या मधे आहे ते. घर बघून झालं, नेट चालतं, फक्त घर मेन रोडपासून वर चढावर आहे आणि घरमालक म्हणाले की बर्फ पडला की साधी गाडी खालीच लावावी लागेल. शिवाय तिथे राहून अटल टनेलच्या पलीकडे सिस्सू, केलाँग करायचं नाही तर मग गेलो कशाला, आणि बर्फ जास्त झाला की पोलीस सोलंगच्या पुढे फोर बाय फोरच सोडतात.

तर सेकंड हॅन्ड गाडी बघतोय. बजेट ८ लाख, ताणून साडेआठ. उरलेले आठ महिने गाडी इथेच, म्हणजे कर्वे रोड, वारज्याचा पूल आणि अधूनमधून कोकण. सोबत एक लॅब्रडॉर, त्याचं वजन विचारू नका. डस्टर एडब्ल्यूडी (ऑल व्हील ड्राइव्ह), स्कॉर्पिओ फोर बाय फोर, थार, यती, एक्सयूव्ही ५००, जिम्नी, इतके व्हिडिओ बघितलेत की आता काहीच कळेनासं झालंय. बर्फात दोघांपैकी कुणीच कधी गाडी चालवलेली नाही हे आधीच सांगून ठेवतो.

पेठेतला_पक्षी

बर्फ बघायला जाणार आणि बर्फ पडला की गाडी काढणार. तिथले लोक बर्फ पडला की घरात तंदूरभोवती (तिकडची लाकडाची शेगडी) बसतात हो. बघा जमलं तर.

घाटवेडा

पक्षी, धागा भरकटवू नका, लोकांना खरंच उत्तर हवं असतं.

कर्वेनगरी, मॉडेलच्या आधी एक गोष्ट बघा, तुम्ही जी यादी दिलीये त्यात दोन वेगळ्या जातीच्या गाड्या आहेत. थार, जुनी स्कॉर्पिओ, जिम्नी या पार्ट-टाइम फोर बाय फोर. एरवी मागची दोन चाकं ओढतात, लिव्हर टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात, मधे डिफरन्शियल (दोन्हीकडे वेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, बर्फावर किंवा चिखलात चाक थोडं घसरून तो फरक भरून काढतं, पण कोरड्या डांबरावर घसरायला वाव नाही त्यामुळे सगळा ताण ट्रान्सफर केसवर (ताकद पुढे-मागे वाटणारी गिअरपेटी), स्टीअरिंग जड होतं, वळणावर गाडी अडखळायला लागते. डस्टर, यती, एक्सयूव्ही ५००, कंपास या दुसऱ्या जातीच्या. नेहमी पुढची चाकं ओढतात, ती घसरली की मधली क्लचवाली कपलिंग आपोआप मागे ताकद पाठवते.

आता तुमचा रस्ता डोळ्यासमोर आणा. हिवाळ्यात तिकडे सलग बर्फ असतोच असं नाही. उन्हातला रस्ता कोरडा खडखडीत, पुढच्या वळणावर सावली आणि तिथे रात्री वाहिलेलं पाणी गोठून त्याची काच झालेली, परत कोरडा. टनेल ९.०२ किलोमीटर, आत बर्फाचा प्रश्न नाही, आणि नॉर्थ पोर्टलमधून (पलीकडच्या तोंडातून) बाहेर पडलात की एकदम पांढरं. पार्ट-टाइम गाडीत दर थोड्या वेळाने लिव्हर आत-बाहेर करत बसायचं, आणि नवखा माणूस नेमका त्या काचेवर टू व्हील मधे असतो. ऑटो मोडवाली गाडी हे स्वतः बघते. माझं मत सरळ आहे, चांगल्या कंडिशनची डस्टर एडब्ल्यूडी.

थारवाला_भोसरी

घाटवेडा भाऊ, थोडं एकतर्फी झालं. चढायचं काय, सगळेच चढतात. प्रश्न उतरायचा. नग्गरच्या घरापासून मेन रोडपर्यंत सकाळी उतार आहे त्यांना, आणि रात्रीचा बर्फ दाबून कडक झालेला. तिथे लो रेंज (खूप हळू चालवणारा वेगळा गिअर) लागतो, फोर लो मधे पहिला गिअर टाकायचा, दोन्ही पाय खाली ठेवायचे, गाडी मुंगीच्या चालीने उतरते, ब्रेकला हात (म्हणजे पाय) लावायचा नाही. डस्टरला लो रेंज नाही, यतीला नाही, कंपासला नाही. जिम्नीला आहे, थारला आहे, जुन्या स्कॉर्पिओला आहे.

घाटवेडा

उताराचा मुद्दा मान्य आहे, लो रेंजला पर्याय नाही. पण डस्टर एडब्ल्यूडीचा पहिला गिअर मुद्दाम बुटका दिलाय, त्यात ती बऱ्यापैकी रेंगाळत उतरते, आणि गिअरजवळचा टू व्हील-ऑटो-लॉक नॉब लॉकला ठेवला की इंजिन ब्रेकिंग चारही चाकांवर वाटलं जातं. साध्या गाडीत तेच पुढच्या दोनच चाकांवर येतं आणि ती दोन घसरली की स्टीअरिंगही गेलं. बुटका पहिला प्लस लॉक हे नग्गरच्या गल्लीला पुरतं, कुंझुम खिंड उतरायला नाही पुरणार, पण कुंझुम तर हिवाळ्यात बंदच असतो.

आणि मालक, ८ लाखात २०२० नंतरची फोर बाय फोर थार धड मिळत नाही. जी मिळते ती का मिळते ते विचारा.

थारवाला_भोसरी

हे मात्र खरंय. अजून एक, जानेवारी २०२३ पासून थार टू व्हील ड्राइव्ह पण येते, लांबून सारखीच दिसते. लोक फोटोत बोनेट आणि चाकं दाखवतात, गिअरशेजारचा दुसरा लिव्हर दाखवत नाहीत. मागची चाकं ओढणारी, मागे हलकी, बर्फावर ती गाडी साध्या मारुतीपेक्षा वाईट.

सहकारनगर_ते_मिनेसोटा

मी मूळची सहकारनगरची, आता बरीच वर्षं मिनेसोटात, इथे बर्फ म्हणजे काय ते विचारू नका. तुम्ही सगळे ट्रान्सफर केसवर भांडताय आणि टायरबद्दल कुणी एक अक्षर बोललं नाही म्हणून लिहितेय.

इथे पहिला मोठा बर्फ पडला की रस्त्याकडेला खड्ड्यात गेलेल्या गाड्यांत ऑल व्हील ड्राइव्ह भरपूर असतात. कारण साधं आहे, ही यंत्रणा गाडी जागची हलवायला मदत करते, थांबवायला नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतातच ना, मग त्यात तुमच्या एडब्ल्यूडीने काय भर घातली? उलट निघताना गाडी इतकी सहज निघते की माणसाला वाटतं रस्ता बराय, आणि मग पहिल्या वळणावर कळतं.

तापमान साधारण ७ अंशाच्या खाली गेलं की नेहमीच्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं, पकड जाते, आणि उणे १० ला तर प्लॅस्टिकच. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्यावर बारीक बारीक चिरा असतात त्या बर्फ धरतात. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असेल तरच तो बर्फावरच्या चाचणीत पास झालेला. नुसतं एम प्लस एस लिहिलेलं असतं त्याला फार अर्थ नाही, ते कंपनी नक्षी बघून स्वतःच लिहिते. शेजारी कॅनडात क्युबेकमधे तर १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्याने सक्तीचे आहेत, फोर बाय फोर आहे म्हणून सूट नाही.

टू व्हील ड्राइव्ह प्लस चार चांगले विंटर टायर आणि एडब्ल्यूडी प्लस उन्हाळी टायर यात मला निवडायला सांगितलं तर मी डोळे मिटून पहिली घेईन.

पेठेतला_पक्षी

म्हणजे ८ लाखाची गाडी नको, टायर घ्या. पटलं.

कर्वेनगरी

ताई, फार उपयोगी लिहिलंत. पण पुण्यात हे टायर मिळतात कुठे? इथल्या दोन दुकानांत विचारलं, एकाने पावसाळी टायर दाखवले आणि दुसरा म्हणाला एटी (ऑल टेरेन) टाका साहेब, बर्फ काय नि चिखल काय.

टायरबाबा

पुण्यात काउंटरवर नाही मिळणार, मागवावे लागतात, साइझ नीट बघून. डस्टरची २१५/६५ आर १६, बरीच चालणारी साइझ आहे त्यामुळे आशा आहे. थार-जिम्नीच्या साइझला डोकेदुखी जास्त.

एटीबद्दल : मोठे गट्टू आणि खोल नक्षी ताज्या भुसभुशीत बर्फात आणि चिखलात चालते. पण दाबून कडक झालेल्या बर्फावर किंवा नुसत्या काचेवर मोठ्या गट्टूचा उपयोग नाही, तिथे मऊ रबर आणि बारीक चिरा लागतात. काही एटी टायरवर ते डोंगर-हिमकणाचं चिन्ह असतं, तसे मिळाले तर तुमच्यासारख्याला सगळ्यात सोयीचे कारण आठ महिने पुण्यात फिरायचंय, खरे विंटर टायर पुण्याच्या एप्रिलमधे चालवलेत तर लोण्यासारखे झिजतील.

विंटर टायर नाही मिळाले तर चेन. मनालीत भाड्याने मिळतात पण ज्या दिवशी गरज असते त्या दिवशी रांग असते, आणि साइझ बसेलच असं नाही, स्वतःच्या विकत घ्या. दोनच असतील तर कुठल्या चाकाला ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, डस्टरसारख्या गाडीला पुढे. पण फक्त पुढे चेन असेल तर उतारावर गाडीचा मागचा भाग फिरायला बघतो हे डोक्यात ठेवा, जमलं तर चारही. चेन लावून ४०च्या वर जायचं नाही आणि कोरडा रस्ता आला की उतरवायच्या. आणि हे सगळं पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमधे एकदा हातमोजे घालून लावून बघा, लोक हसतील, हसू द्या.

जुनी गाडी बघताना टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही छान दिसू दे, जुनं रबर थंडीत दगड.

प्राधिकरण_मामा

टायरवरून आठवलं, एडब्ल्यूडी गाडीत चारही टायर एकाच मेकचे आणि सारखे झिजलेले आहेत का बघाच. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत असले की घेर वेगळा, मग कपलिंगला सतत वाटत राहतं की चाक घसरतंय, ती गरम होत राहते आणि शेवटी जाते. पुढे दोन नवे टाकून गाडी विकायला काढणारे पुष्कळ आहेत.

डिझेलदादा

मला गाड्या दुरुस्त करायचा अनुभव आहे, विकायचा नाही, त्यामुळे जे गॅरेजमधे दिसतं ते लिहितो.

पहिलं कूलंट. पुण्यात कूलंट कमी झालं की नळाचं पाणी ओततात, वर्षानुवर्षं, कुणाचं काही बिघडत नाही कारण इथे गोठायचा प्रश्नच नाही. तीच गाडी नग्गरला नेऊन रात्री उणे पाचला उभी केली की पाणी गोठताना फुगतं आणि रेडिएटर, हीटर कोअर, नशीब फुटकं असेल तर इंजिन ब्लॉक. निघायच्या आधी पूर्ण फ्लश आणि कूलंट-पाणी अर्धं-अर्धं मिश्रण भरायचं, ते साधारण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. नुसतं रंग बघून ठरवू नका, हिरवं पाणी पण हिरवंच दिसतं. रिफ्रॅक्टोमीटर म्हणून छोटी नळी येते, एक थेंब टाकला की आकडा दिसतो. काच धुवायच्या पाण्याचंही तेच, तेही गोठतं.

दुसरं डिझेल. साध्या डिझेलमधे मेण असतं, फार थंडीत ते धरतं आणि फिल्टर चोक होतो, स्टार्टर फिरतो पण गाडी उठत नाही. इंडियन ऑइलने २०१९ मधे लडाखसाठी उणे ३३ पर्यंत वाहतं राहणारं विंटर डिझेल काढलं ते याचसाठी. नग्गरला इतकं टोकाचं होत नाही पण केलाँगला मुक्काम केलात तर विचार करावा लागेल. तिकडे कुणी सांगेल रॉकेल मिसळा, जुन्या पंपाच्या गाड्यांना ते चालून जायचं, कॉमन रेलच्या (आजकालच्या डिझेल इंजिनांच्या) इंजेक्टरला नाही चालत, वंगण कमी पडतं.

तिसरं बॅटरी. उणे १८ च्या आसपास बॅटरीची ताकद निम्म्यावर येते आणि इंजिन ऑइल घट्ट झाल्यामुळे काम मात्र वाढतं. पुण्यात सकाळी जरा कण्हत स्टार्ट होणारी बॅटरी तिथे मेलीच समजा. आणि रात्री हँडब्रेक ओढू नका, ओला असेल तर गोठून बसतो, गिअरमधे टाकून चाकामागे दगड लावा.

मुक्कामपोस्ट_वाकड

मग पेट्रोलच घ्यावी ना सरळ, जिम्नी, डिझेलची भानगडच नको.

डिझेलदादा

घेऊ शकता, पण साध्या पेट्रोल इंजिनाला वर हवा विरळ लागते, दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद जाते असा हिशोब आहे. सिस्सू ३१०० मीटरच्या आसपास, म्हणजे जिम्नीच्या १०५ घोड्यांतले तीसेक तिथे गैरहजर. चढायला चढेल, हलकी आहे, हळू चढेल. टर्बोवाल्या गाडीला हा त्रास बराच कमी.

कर्वेनगरी

जिम्नी बायकोला फार आवडली होती, पण मागच्या सीट उभ्या ठेवल्या तर डिकी २०८ लिटर, त्यात कुत्रा बसत नाही. सीट पाडल्या तर कुत्रा बसतो, सामान बसत नाही. आणि २०२३ ची गाडी असल्याने बजेटच्या बाहेर. ग्रँड व्हिटारा ऑलग्रिप पण बघितली, स्नो मोड वगैरे छान आहे, भाव ऐकून चहा पिऊन परत आलो.

यतीबद्दल कुणी सांगाल का? चालवायला जबरदस्त वाटली.

घाटवेडा

यती चालवायला या यादीतली सगळ्यात सुंदर गाडी, यात वाद नाही. पण इथे बंद होऊन वर्षं झाली आणि तिच्या मागच्या हॅल्डेक्स कपलिंगचं (मागच्या चाकांना ताकद पाठवणारी ती) तेल वेळेवर बदललेलं असावं लागतं. जुन्या मालकांपैकी निम्म्यांना असं काही वेगळं तेल असतं हेच माहीत नसतं. तसं बिल असलेली सापडली तर मला आधी कळवा, मी घेतो.

एक्सयूव्ही ५०० मोठी आहे, जड आहे, नग्गरच्या गल्लीत मिरर मिटून जावं लागेल.

प्राधिकरण_मामा

बरं डस्टर ठरत असेल तर बघताना काय बघायचं ते. एडब्ल्यूडी इथे २०१४ ला आली, फक्त ११० घोड्यांच्या डिझेलमधे, आणि २०२० ला बीएस ६ आलं तेव्हा कंपनीने डिझेलच बंद केलं. म्हणजे कितीही तरुण म्हटली तरी वयस्कर गाडी आहे. डिकीवरचा बिल्ला कुणीही चिकटवतं. गिअरजवळ टू व्हील-ऑटो-लॉकचा नॉब आहे का बघा, मग खाली वाका, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट आणि मागचा डिफरन्शियल डोळ्यांनी बघा. आरसीवरचं व्हेरियंट वाचा. चावी फिरवली की फोर व्हीलचा दिवा लागून विझला पाहिजे, लागतच नसेल तर कुणीतरी काढून ठेवलाय. मोकळ्या मातीवर नॉब लॉकला टाकून चढावर निघून बघा, मागची चाकं माती फेकतात का ते बाहेर उभ्या माणसाने बघायचं. टायमिंग बेल्ट आहे तिला, कधी बदलला त्याचं बिल मागा, बिल नाही म्हणजे बदललेला नाही असं धरून तेवढे पैसे कमी करा. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ वाढलेली गाडी असेल तर खालचा गंज बघा, एमएच १२ नंबर बघून फसू नका, गाडी कुठे उभी असायची ते विचारा.

आणि दिल्लीवरून आलेल्या स्वस्त गाड्या! तिकडच्या १० वर्षांच्या डिझेल नियमामुळे लोक आठव्या-नवव्या वर्षी इतर राज्यांत विकतात. गाडी वाईटच असते असं नाही पण एनओसी, इथला रोड टॅक्स, पासिंग हे सगळं धरून हिशोब करा, मग ती स्वस्त राहत नाही. आणि तुमचीही गाडी १० वर्षांची डिझेल असेल तर जाताना एनसीआर टाळायचं की नाही हे निघायच्या आठवड्यात तपासा, तो नियम कोर्टात सारखा हलतोय आणि एनसीआर म्हणजे फक्त दिल्ली नाही, हरियाणाचे अर्धे जिल्हे त्यात येतात.

पेठेतला_पक्षी

एक राहिलं. एडब्ल्यूडी गाडी दोन चाकं उचलून, दोन जमिनीवर ठेवून ओढू नये म्हणतात, चारही चाकं वर घेऊन ट्रकवर घालून न्यावी. आता हे लक्ष्मी रोडला नो पार्किंगमधून उचलणाऱ्या पोरांना समजावून सांगायचं काम तुमचं.

थारवाला_भोसरी

पक्षी पहिल्यांदाच कामाचं बोलला 😂

कर्वेनगरी

मंडळी, अपडेट. दोन डस्टर बघितल्या. चिंचवडची दिसायला चकाचक, पण मामा म्हणाले तसं पुढे नवे टायर आणि मागे वेगळ्याच कंपनीचे जुने, आणि लॉकला टाकून सावकाश वळवली तर मागून घरघर. विकणारा म्हणाला फोर बाय फोर असंच वाजतं. नमस्कार करून निघालो.

दुसरी बाणेरची, २०१७ ची, एकच मालक, ९० हजारच्या वर चाललीये, बाहेरून चार-पाच ओरखडे, बंपरला तडा. बेल्टचं बिल आहे, चारही टायर एकाच मेकचे, जुने पण सारखे झिजलेले. खाली वाकून बघितलं, कोरडं आहे, तेल गळत नाही. मागतोय सात चाळीस. कूलंटचं विचारलं तर मालक प्रांजळपणे म्हणाले की पाणीच घालतो हो.

बायकोचं म्हणणं टायर तसेही बदलायचेच आहेत तर जुन्या टायरचे पैसे कमी करून घ्या आणि चेनचा खर्च त्यातून काढा. शनिवारी परत जातोय.

डिझेलदादा

पाणी घालतो म्हणून खरं सांगणारा मालक मला आवडला. रेडिएटरचं झाकण उघडून आत गंजाचा चॉकलेटी गाळ आहे का बघा (इंजिन थंड असतानाच, गरम असताना हात लावू नका). गाळ असेल तर हीटर चालू करून बघा, केबिन नीट तापली पाहिजे. पुण्यात कुणी हीटर लावत नाही त्यामुळे त्याची नळी चोक झालेली कुणाला कळतच नाही, आणि तुम्हाला तिकडे एसी नसला तरी चालेल, हीटरशिवाय नाही.

सहकारनगर_ते_मिनेसोटा

आणि गाडी घेतली की नग्गरला पोचल्यावर पहिल्या बर्फात मोकळं, सपाट मैदान शोधा. १५-२० च्या स्पीडला मुद्दाम ब्रेक दाबून बघा, एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) पायाखाली कसा थडथडतो ते दोघांनीही अनुभवा. घाबरून पाय काढायचा नाही.

प्राधिकरण_मामा

सात चाळीस जास्त आहे. सहा नव्वदपासून सुरू करा. आणि शनिवारी सकाळी लवकर जा, मालकांना आदल्या रात्री फोन करून सांगा की आम्ही यायच्या आधी गाडी स्टार्ट करून ठेवू नका, थंड इंजिन पहिल्या चावीला उठतं का ते बघायचंय. बोनेटला हात लावून बघा, कोमट लागलं तर चहा प्या आणि दोन तास थांबा.